पाय काढल्यावर

बत्तीसाब दिवा बंद केल्यावर लगेच खोलीबाहेर पडत नसत. बटण खाली करून ते तिथेच उभे राहत आणि वर दिव्याकडे बघत. दिवा विझलेला असे. तरीही बघत. मग "हं" असा एक आवाज काढून निघत. पंखा असला तर पातं पूर्ण थांबेपर्यंत उभे राहत. पाण्याचा पंप असला तर विहिरीपर्यंत चालत जात आणि पंपाच्या अंगावर तळहात ठेवून परत येत.

एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर म्हणून मी मालवणात काही वर्षं राहिलो, ती त्यांच्या घराच्या माडीवर. खोली दाखवायला ते स्वतः वर आले. मोरी दाखवली नाही. खिडकीतून खाडी दिसते हे सांगितलं नाही. भिंतीवरची बटणं एकेक चालू केली, एकेक बंद केली, आणि बंद झाल्याची खात्री मला करायला लावली.

"चालू होता काय ता सगळे बघतत," ते म्हणाले. "बंद होता काय ता बघूक व्हया."

मी घाटावरचा आहे हे लक्षात आल्यावर हेच वाक्य त्यांनी पुस्तकी मराठीत पुन्हा एकदा सांगितलं. सूचना समोरच्याला कळलीच पाहिजे, असा त्यांच्या जुन्या नोकरीतला नियम होता.

ती नोकरी जहाजावरची. व्यापारी जहाजांवर विजेचं सगळं काम ज्या अधिकाऱ्याकडे असतं त्याला आपले खलाशी बत्तीसाब म्हणतात. निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा त्यांचं नाव मागे राहिलं आणि हुद्दा सोबत आला. पोस्टमन पाकिटावरचं नाव नीट वाचून घेई आणि हाक मात्र "ओ बत्तीसाब" अशीच मारी. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात "पेपर" हे नाव दिलं. मी राहत होतो तोवर ते बदललं नाही.

जहाजावरचा आणखी एक नियम त्यांनी घरी आणला होता. एखाद्या यंत्रावर काम सुरू असलं की त्याचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते यंत्र चुकून चालू करता येत नाही. त्यामुळे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा एखादा फ्यूज असे. एकदा ते घराचा मुख्य फ्यूज खिशात घालून बंदरावर मासे आणायला गेले. काकी, म्हणजे त्यांची पत्नी, स्वयंपाकघरात होत्या. खोबऱ्याचं वाटप मिक्सरमध्ये अर्धवट राहिलं होतं. त्यांनी जिन्यातून मला हाक मारली.

"जरा बंदरार जावा. तेंका बोलवा नकात, ते बांगड्यांचो भाव करीत आसतले. खिसो तेवडो घेऊन येवा."

वाडीतल्या लोकांचाही त्यांच्यावर राग असे आणि विश्वासही असे. एका चतुर्थीला शेजारच्या घरी संध्याकाळचं भजन रंगात आलं होतं. सतरंजीखालून ध्वनिक्षेपकाची वायर गेली होती आणि तिचा एक जोड उघडा होता. वर मुलं बसली होती. बत्तीसाब उठले, कोणाला काही न सांगता फ्यूज काढला आणि दारात उभे राहिले. माइक गेला, पंखे गेले, दिवे गेले. अंधारात पेटी थोडी पुढे चालत राहिली. मग बुवा म्हणाले, "बत्तीसाब, देवाक काळोख चलता, बुवाक घाम येता." सगळे हसले. बत्तीसाब हसले नाहीत. जोड चिकटपट्टीने बांधून होईपर्यंत फ्यूज त्यांच्या मुठीत होता.

या स्वभावाचं कारण मला काकींनी सांगितलं आणि "तेंका इचारू नकात" असंही सांगितलं. एका जहाजावर दोर ओढणारी विंच होती. खलाशाने हातातली दांडी सोडली, दांडी जागेवर आली, पण आतला स्विच सुटला नाही. मोटर फिरत राहिली. त्या माणसाचा हात गेला. विंच बत्तीसाबांच्या ताब्यातली नव्हती आणि त्या दिवशी ते दुसरीकडे होते. त्यांना नंतर स्विच उघडायला बोलावलं, इतकाच त्यांचा संबंध.

पूर्वा ही त्यांची एकुलती मुलगी. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून ती कुडाळला एका गॅरेजात कामाला होती. तिने वेंगुर्ल्यातून एक जुनी लहान गाडी आणली. सीट तेवढ्या ठेवल्या, बाकी आतलं बहुतेक सामान उतरवलं, आणि गॅरेजातल्या काही जणांबरोबर ती सरळ रेषेतल्या शर्यतींना जाऊ लागली. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि थोड्याशा अंतरात निकाल लागतो. बत्तीसाबांना शर्यतीचं फारसं काही वाटत नव्हतं. गाडी थांबते का, एवढंच त्यांनी विचारलं आणि ब्रेक स्वतः तपासले.

मग पूर्वाने नायट्रस बसवायचं ठरवलं.

त्या दिवसांत घरातल्या बोलण्याची लय बदलली. काकी जेवताना कमी बोलू लागल्या. बत्तीसाब खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येरझाऱ्या घालत, मध्येच थांबत, गाडीचं बॉनेट उघडत आणि काही न करता मिटत. मी बातमी पाठवून खाली आलो की ते मला विषय समजावून सांगत. बहुधा माझ्यासाठी नव्हे. बाटलीतला वायू इंजिनात सोडला की तिथे जादा प्राणवायू होतो, सोबत जादा पेट्रोल जातं, आणि थोडा वेळ गाडीला जादा बळ मिळतं. हा वायू अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असतानाच सुटला पाहिजे. अर्ध्या दाबावर सुटला तर इंजिनाला झेपत नाही. आणि पाय काढल्यावरही सुटत राहिला तर हवेचं दार मिटलेलं, आत वायू आणि पेट्रोल साचत चाललेलं, ठिणगी मात्र चालूच. इथे ते थांबत. बॉनेटकडे बघत. पुढचं वाक्य त्यांनी माझ्यासमोर कधी पूर्ण केलं नाही.

म्हणून सगळा प्रश्न एका आगपेटीएवढ्या स्विचवर आला होता. इंजिनात हवा घेणारं जे दार असतं, थ्रॉटल, त्याच्या शेजारी हा मायक्रोस्विच बसतो. त्याला एक बारीक पाती असते आणि पातीच्या टोकाला रूळ. थ्रॉटल पूर्ण उघडलं की ते रूळ दाबतं, टक् असा आवाज होतो, आणि वायूची झडप उघडते. थ्रॉटल जरा मागे आलं की पाती सुटते आणि झडप मिटते. त्याआधी स्टिअरिंगजवळ एक मुख्य बटण. ते चालू असेल तरच पुढचं सगळं.

"पपा, स्विच चिकटलोच तर मेन बटान आसा," पूर्वा म्हणाली. "मी बंद करतलंय."

"त्या वेगात? दोन हात चाकार आणि बटान तिसऱ्या हातान?"

वायरिंग आपणच करणार, हे त्यांनी त्याच जेवणात जाहीर केलं. बाटली कोणी आणायची, झडपा कोणी लावायच्या, हे तिच्या गॅरेजवाल्यांनी बघावं. स्विचला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही.

स्विच लावण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी खळ्यात झाला. इंजिन बंद. पूर्वा सीटवर, सीट शर्यतीत असते तिथेच ओढलेली, पायात शर्यतीचेच बूट. तिने चपला घालून पेडल दाबलं तेव्हा त्यांनी तिला घरात पाठवून बूट घालायला लावले होते. गॅरेजात थ्रॉटल हाताने फिरवून स्विच लावतात, ते त्यांना मान्य नव्हतं. हाताने दार पूर्ण उघडतं. पायाने दाबताना तार सैल असते, खाली चटई असते, पेडल कुठेतरी अडतं, आणि दार थोडं कमी उघडतं. शर्यत हात चालवत नाही, पाय चालवतो. खरोखरच चटई अडत होती. ती काढली, घडी केली आणि काकींकडे दिली, पुन्हा गाडीत येणार नाही या अटीवर.

"दाब."

टक्.

"सोड. हळू. हळू गो."

टक्.

हे इतक्या वेळा झालं की काकी चहा घेऊन आल्या, थांबल्या, आणि चहा निवल्यावर परत घेऊन गेल्या. पातीचा आस एका केसाएवढा पुढे, मग मागे. लवकर लागतो, उशिरा लागतो, लागतो पण सुटताना अडखळतो. अडखळतो हे फक्त त्यांना ऐकू येत होतं. पूर्वा दाबताना पेडलवर जरा जास्तच जोर देत होती.

स्विच मनासारखा लागल्यावर त्यांनी त्यांची मुख्य अट सांगितली. वायूची बाटली जोडायची नाही. झडपेकडे जाणाऱ्या तारा ओढून त्यांनी पुढे काचेखाली एक लाल दिवा लावला, जहाजाच्या पॅनेलवरचा. वायू जेव्हा सुटेल तेव्हा हा दिवा पेटेल. पाय काढल्यावर विझेल. दिवा जोवर रोज, न चुकता विझत नाही तोवर बाटली घरात येणार नाही.

दिव्याकडे बघायचं काम माझं. गाडी चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं असतं आणि ते स्वतः बघायला तयार नव्हते.

"माका जा दिसूक व्हया ताच दिसतला," ते म्हणाले. मग शुद्ध मराठीत: "तुम्हाला यातलं काही कळत नाही. म्हणून तुम्ही."

त्यानंतर बरेच दिवस, कामावर जाण्यापूर्वी, आम्ही तिघं सड्यावर जात असू. सडा म्हणजे वरचं जांभ्या खडकाचं पठार. तिथे एका चिरेखाणीकडे जाणारा सरळ डांबरी रस्ता आहे. खाणीचं काम नुकतंच पुन्हा सुरू होणार होतं, तोवर रस्ता रिकामा होता. पूर्वा चालवी, बत्तीसाब शेजारी, मी मागे. ती पाय तळाला नेई, गाडी ओरडू लागे, लाल दिवा पेटे. मी "पेटला" म्हणे. ती पाय काढी. मी "विझला" म्हणे. हे दोन शब्द सोडून गाडीत तिसरा शब्द बोलायचा नाही, असा नियम होता. नायट्रसशिवायही ती गाडी वेगवान होती. माझा उजवा हात दाराच्या कडीवर असे आणि परतल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागे.

आम्ही निघालो की काकी पायरीवर बसत आणि परत येईपर्यंत उठत नसत. हे मला एक दिवस गाडी लवकर वळली म्हणून कळलं. त्यांच्या मांडीवर न निवडलेल्या तांदळाचं सूप होतं.

कुडाळच्या गॅरेजातली पोरं एव्हाना गाडीला 'आरती' म्हणू लागली होती. दिवा ओवाळतात, गाडी काही पळवत नाहीत. पूर्वाने हे जेवताना सांगितलं. सांगताना ती हसली नाही.

"म्हणांदेत," बत्तीसाब म्हणाले.

"तुमका काय जाता? थंय काम माका करूचा लागता."

नायट्रसवरची पहिली शर्यत जवळ आली तेव्हा काकींनी गाडीसमोर गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे जाहीर मागणं, घालायचं ठरवलं. शेजारचे दाजी वाडीतली सगळी गाऱ्हाणी घालतात. खळ्यात नारळ ठेवला, चार माणसं गोळा झाली. दाजींनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान जी काय गाडी शर्यतीक नेवची म्हणान ठरवल्यान आसा, तेका येस दी. वाटेत काय आडयेळ नडयेळ आसात, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"जी काय बाटली लायतले, तेची पावर बरी गावंदे."

"व्हय म्हाराजा."

बत्तीसाब "व्हय" म्हणाले नाहीत. "दाजी," ते म्हणाले, "पाय काढल्यार ती बंद होवंदे, ह्या पण घाला."

दाजींनी एक डोळा उघडला. "देवाक म्हायत आसता रे, बत्ती."

"म्हायत आसता. पण सांगूक काय जाता?"

दाजींनी पुन्हा डोळे मिटले आणि पाय काढल्यावर बंद होण्याची मागणी देवापुढे ठेवली. या वेळी सर्वांत मोठा "व्हय म्हाराजा" बत्तीसाबांचा होता. पूर्वा मान खाली घालून उभी होती. हसू दाबत होती की राग, ते मला दिसलं नाही.

आता ग्रीसबद्दल सांगायला हवं. या किनाऱ्यावर लोखंड आणि तांबं टिकत नाही. खारं वारं प्रत्येक सांध्यात शिरतं. होड्यांचे स्टार्टर, बागेतले पंप, दारावरची घंटा, सगळ्यांचे जोड इथे ग्रीसने बुजवून टाकतात. बत्तीसाब हे काम गावात सर्वांत चांगलं करत. मोसम सुरू होण्यापूर्वी होडीवाले त्यांना मुद्दाम बोलावून नेत. काम संपलं की शेवटचा हात ग्रीसचा, मग झाकण, मग "हं". ग्रीस न भरता काम पूर्ण झालं असं त्यांना वाटतच नसे. इथे कोणालाच वाटत नाही.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी दिवा पास केला. काचेखालून तो सोडवला, तारा गुंडाळून ठेवल्या. मग त्यांनी मायक्रोस्विचला ग्रीस भरलं. पातीच्या मुळाशी, रुळाच्या आसात, जोडांवर. बोटाने सगळीकडून दाबून, नीट. हे मी बघितलं. पूर्वानेही बघितलं. दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्या संध्याकाळी ते शांत जेवले.

दुसऱ्या दिवशी पूर्वा गाडी घेऊन कुडाळला गेली आणि सड्यावरच्या रस्त्याने परत आली. चिरेखाण सुरू झाली होती. चिरे वाहणाऱ्या ट्रकांमागून यावं लागल्यामुळे गाडी तांबडी झाली होती. त्यानंतरच्या सकाळी तिच्या गॅरेजातला मेकॅनिक बाटली घेऊन आला. निळी, लहान मुलाएवढी बाटली त्याने खळ्यात ठेवली आणि पाना काढला.

पूर्वा घरात गेली आणि लाल दिवा घेऊन आली.

"एक फेरी दिव्यार मारूया," ती म्हणाली.

"झाला मा परवा," बत्तीसाब म्हणाले. "पास केलंय मी."

"तुमीच शिकवलास."

"पुरे आता. तो पोरगो कामधंदो सोडून इलो हा."

ते "पुरे" म्हणतायत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. पूर्वाने काचेखाली दिवा लावला, गाडी चालू केली आणि आम्ही दोघं बसेपर्यंत वाट बघितली. मेकॅनिक पाना घेऊन पायरीवर काकींच्या शेजारी बसला.

सड्यावर ऊन होतं. ट्रक अजून सुरू झाले नव्हते. पूर्वाने पाय तळाला नेला. गाडी ओरडली, दिवा लागला.

"पेटला," मी म्हणालो.

पूर्वाने पाय काढला.

इंजिनाचा आवाज उतरला. गाडी मंदावू लागली. मी दिव्याकडे बघत होतो.

"विझलो?" बत्तीसाबांनी विचारलं.

मला शब्द सापडेना. नियमात दोनच शब्द होते.

"ओ पेपर, विझलो काय?"

"नाही."

"नीट बघा."

"पेटलेलाच आहे."

मग त्यांनी स्वतः बघितलं. दिवा जळत होता, स्थिर, लाल. "पाय काढ गो," ते म्हणाले. पूर्वाने गुडघा वर उचलून दाखवला. दोन्ही पाय पेडलपासून दूर होते. "माझो पाय हय आसा, पपा," ती म्हणाली. गाडी स्वतःच्याच वेगाने पुढे जात होती आणि तिघंही त्या दिव्याकडे बघत होतो. रस्त्याकडे कोणीच बघत नव्हतं. डाव्या बाजूचं चाक एका खड्ड्यात आदळलं. दिवा विझला.

गाडी थांबली. पूर्वाने उतरून बॉनेट उघडलं.

स्विचवर ग्रीस राहिलं नव्हतं. ग्रीस आणि तांबडी धूळ मिळून एक घट्ट लगदा झाला होता, गेरूसारखा. बत्तीसाबांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पाती दाबली आणि सोडली. ती जागेवर आली, पण झोपेतून उठणाऱ्या माणसासारखी. पुन्हा दाबली. या वेळी आलीच नाही.

वायू असता तर काय झालं असतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"ह्या मी केलंय," ते म्हणाले.

"परवा बरोबर होता, पपा. मधी धूळ इली."

"आणि दिवो नको म्हणान मीच सांगितलंय."

पूर्वाने खिशातलं फडकं काढून पाती पुसली. ते तिच्या हाताकडे बघत राहिले. परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर बसले आणि मला पुढे बसवलं. खळ्यात मेकॅनिक उठून उभा राहिला आणि "लावूया बाटली?" असं त्याने विचारलं. पूर्वा म्हणाली, आधी स्विच बदलायचाय. काकींनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या.

नवा स्विच पूर्वाने लावला. थ्रॉटलपाशी नाही, आत, पेडलच्या मागे, जिथे खारं वारंही पोचत नाही आणि खाणीची धूळही नाही. वर रबराची टोपी बसवली. ग्रीस नाही. चटई पुन्हा आत आली नव्हती, बूट शर्यतीचेच होते, सीट जागेवर होती. वडिलांच्या सगळ्या अटी तिने पाळल्या, फक्त वडील तिथे नव्हते. ते खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, माडाच्या बुंध्याशी, पाठीमागे हात बांधून उभे होते. तिने बघायला बोलावलं तेव्हा ते जागचे हलले नाहीत.

"माका नको दाखव. पेपराक दाखव."

पुढचे दिवस मी आणि पूर्वा दोघंच सड्यावर गेलो. मुद्दाम ट्रक सुरू झाल्यावर, मुद्दाम धुळीतून. दिवा प्रत्येक वेळी विझला. परतल्यावर मी ते त्यांना सांगत असे. ते ऐकून घेत आणि "हं" म्हणत नसत.

या दिवसांत त्यांनी दुसरं एक काम सुरू केलं. रॉकेलचा डबा, फडकी आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालून ते सकाळी घराबाहेर पडत. ज्या ज्या पंपाच्या, होडीच्या, घराच्या बटणांत त्यांनी आजवर ग्रीस भरलं होतं, ती सगळी उघडून बघायची. बागेतले पंप आधी, कारण तिथे धूळ. मग बंदर. लोकांना हे समजेना. चांगलं चालणारं यंत्र हा माणूस का उघडतोय, आणि तेही न बोलावता. एकही बटण चिकटलेलं सापडलं नाही. त्याने त्यांचं समाधान झालं नाही. सापडलं नाही म्हणजे आज चिकटलं नाही, एवढंच, असं ते म्हणत.

शर्यत घाटावर, एका खाजगी धावपट्टीवर होती. बत्तीसाब जाणार नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. "मी गेलंय तर ती रस्त्याकडे बघूची नाय, माझ्याकडे बघीत रवतली." त्यांच्याऐवजी काकी गेल्या. काकी कधी वाडीबाहेर एकट्या गेलेल्या मला आठवत नाहीत. त्या दिवशी त्या भाकऱ्यांची पिशवी आणि छत्री घेऊन गॅरेजवाल्यांच्या गाडीत पुढे बसल्या.

शर्यतीच्या दिवशी ते बंदरावर होते. मी त्यांच्यासोबत गेलो. जायचं काही कारण नव्हतं, पण माडीवर बसवत नव्हतं. होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. ते एकेका होडीत चढत, पाणी उपसायच्या पंपाचा स्विच उघडत, रॉकेलने धुवत, दाबून सोडून बघत आणि मिटत. फोन त्यांनी माझ्याकडे दिला होता. एका होडीचा मालक काठावर बसून बघत होता.

"बत्तीसाब, कित्याक सोडतास? बरा चालता मा."

"चालता ता माका म्हायत आसा."

दुपार झाली. फोन वाजला नाही. मी मधूनमधून तो खिशातून काढून बघत होतो. तेही बघत होते, फोनकडे नव्हे, माझ्या हाताकडे. या कामात त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. एक स्क्रू त्यांच्या बोटांतून निसटून पाण्यात गेला. असं त्यांच्याकडून कधी होत नसे. मालकाने दुसरा स्क्रू शोधून दिला.

फोन वाजला तेव्हा मी तो त्यांच्या कानाशी धरला. पूर्वाचा आवाज मलाही ऐकू येत होता. मागे इंजिनांचा गोंगाट होता.

"पपा. दर येळेक सुटलो आणि दर येळेक बंद झालो."

त्यांनी समोरचा उघडा स्विच एकदा दाबला आणि सोडला.

"आयकतास मा? पयली फेरी जिंकलंय. दुसरेक हरलंय. गाडी बरी आसा, मी बरी आसंय."

"गाडी खंय उभी आसा?"

"शेडात."

"आणि बाटली? उन्हात ठेव नको. तापता ती."

"काढून ठेवलंय. आये छत्री धरून बसली हा तेचेर."

त्यांनी तोंड उघडलं. पुढचा प्रश्न आला नाही. होडी लाटेवर जरा हलली आणि मी फोन सांभाळला.

"पपा, तुमी जेवलात?" पूर्वाने विचारलं.

"जेवतंय आता," ते म्हणाले.

फोन बंद झाल्यावर त्यांनी समोरच्या स्विचचं झाकण बसवलं आणि स्क्रू आवळले. मग हात पुसायला घेतले, एकेक बोट, सावकाश. होडीच्या मालकाने रांगेतल्या पुढच्या होड्यांकडे बोट दाखवलं.

"त्यो रवल्यो मा?"

"फाल्या सकाळी बघूया," बत्तीसाब म्हणाले, आणि पिशवी मला धरायला देऊन होडीतून खाली उतरले.